सोया मेणबत्तीची वात: प्रश्न वाचकांचे, उत्तरं जाणकारांची

घरी सोया मेणबत्त्या ओतणाऱ्या वाचकांच्या पत्रांत या वेळी एकच विषय पुन्हा पुन्हा आला: वात. मेण, सुगंध आणि काचेचा ग्लास यांवर लोक हौसेने खर्च करतात आणि वात मात्र मिळेल ती लावतात. मेणबत्ती कडेपर्यंत वितळणार का, काजळी धरणार का, ग्लास तापून तडकणार का, हे सगळं त्या वातीवर ठरतं. म्हणून हे सदर या वेळी पूर्ण तिच्यासाठीच.

प्रश्न: माझ्या ग्लासचा व्यास ७.५ सेंमी आहे, त्यात २०० ग्रॅम सोया मेण मावतं. दुकानातून ‘६ इंची कॉटन विक’ आणली. चार तास जाळली तरी कडेला बोटभर मेण तसंच राहतं आणि मधे खड्डा पडत जातो. यापेक्षा लांब वात घ्यायला हवी होती का? (पुणे)

उत्तर: लांबीचा इथे काही संबंध नाही. ६ इंच म्हणजे ग्लासच्या उंचीला पुरून वर थोडी उरेल एवढंच. वात किती मेण ओढते आणि किती उष्णता देते, हे तिची जाडी, विणीचा घट्टपणा आणि विणीतले कागदी धागे यांवर ठरतं. तुमची वात बारीक आहे, म्हणून ज्योत लहान राहते आणि कडेचं मेण वितळवण्याइतकी ऊब तिथवर पोचत नाही.

खरेदीला जाण्याआधी ग्लासचा आतला व्यास मोजा. काचेची जाडी धरू नका, आणि मेण जिथे सगळ्यात रुंद असेल तिथलं माप घ्या. मेण कोणतं आहे हेही पाहा. ग्लासात ओतायची सोया मेणं साधारण ४६ ते ५४ अंश सेल्सिअसला वितळतात. वितळल्यावरही ती पॅराफिनपेक्षा, म्हणजे साध्या मेणबत्तीच्या मेणापेक्षा, दाट राहतात आणि वातीतून हळू चढतात. त्यामुळे पॅराफिनला पुरलेली वात त्याच ग्लासात सोयाला बहुतेकदा एकदोन नंबरांनी कमी पडते. पॅराफिनचे व्हिडिओ पाहून सोयासाठी वात निवडणाऱ्यांची फसगत इथेच होते.

सोयासाठी वातींच्या सीडी आणि इको या दोन मालिकांपासून सुरुवात करावी. दोन्ही चपट्या विणीच्या सुती वाती आहेत आणि दोन्हींच्या विणीत कागदाचे बारीक धागे असतात. एचटीपी त्यांच्याच जातीची. सीडीएन ही खास वनस्पतिजन्य मेणांसाठी प्रक्रिया केलेली. कोणत्याही मालिकेत नंबर वाढला की वात मोठी होते, पण एका मालिकेचा नंबर दुसरीला लावू नका. सीडी १० आणि इको १० या वेगळ्या ताकदीच्या वाती आहेत.

सुरुवात कुठून करायची याचा अंदाज असा. ५ ते ५.५ सेंमी व्यासाला सीडी ५ ते ७ किंवा इको २ ते ४. ६ ते ६.५ सेंमीला सीडी ८ ते १२ किंवा इको ६ ते १०. ७ ते ७.५ सेंमीला सीडी १४ ते १८ किंवा इको १० ते १४. ८ सेंमीच्या पुढे सीडी १८ ते २२, नाहीतर दोन वाती. हे आकडे फक्त सुरुवातीचे. कारण तुमचा सुगंध, त्याचं प्रमाण, रंग आणि ग्लासची उंची यांतली एक गोष्ट बदलली तरी योग्य नंबर सरकतो.

आता चाचणी. तुमच्या ग्लाससाठी सीडी १४, १६ आणि १८ अशा तीन मेणबत्त्या करा. तिन्हींत मेण, सुगंध, रंग अगदी तेच, जे शेवटी विकायच्या किंवा भेट द्यायच्या मेणबत्तीत असणार आहे. सुगंधाशिवाय केलेली चाचणी सुगंधी मेणबत्तीबद्दल काही सांगत नाही. ८ टक्के सुगंध म्हणजे २०० ग्रॅम मेणाला १६ ग्रॅम, आणि तो वजनावरच मोजा, मिलीलिटरवर नको. मेण साधारण ८५ अंशांना असताना सुगंध घालून दोन मिनिटं सावकाश ढवळा, ५५ ते ६० अंशांपर्यंत उतरलं की ओता. नंतर झाकण लावून एक ते दोन आठवडे मुरू द्या. सोया ओतल्यानंतरही कित्येक दिवस घट्ट होत राहतं. दुसऱ्या दिवशीच पेटवलेली मेणबत्ती आणि दहाव्या दिवशी पेटवलेली मेणबत्ती सारखी जळत नाही.

पेटवण्यापूर्वी वात मेणाच्या वर ५ ते ६ मिलीमीटर ठेवून कापा. पंखा बंद. चार तास जाळा, विझवा, पूर्ण गार होऊ द्या, वात पुन्हा कापा, पुन्हा चार तास. असं मेण संपेपर्यंत. दर तासाला वहीत लिहा: वितळलेल्या मेणाचं तळं किती सेंमी रुंद, किती खोल, ज्योत किती उंच, काच बाहेरून किती गरम, काजळी दिसते का. प्रत्येक खेपेच्या आधी आणि नंतर वजन करा. या आकाराच्या एका वातीने तासाला साधारण ३ ते ६ ग्रॅम मेण जाळावं.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे. पहिल्या खेपेला तळं कडेपर्यंत पोचलं नाही म्हणून लगेच मोठी वात लावू नका. पहिल्या एकदोन खेपांत कडेला ३ ते ५ मिलीमीटर मेण राहणं सोयात चालतं. ज्योत जसजशी ग्लासात खाली जाते तसतशी काचेची भिंत उष्णता अडवून धरते, तळं रुंद होतं आणि वर राहिलेलं मेणही ओघळून येतं. पहिल्याच खेपेला कडेपर्यंत झकास वितळवणारी वात शेवटच्या तृतीयांशात बहुधा फार मोठी ठरते: ज्योत उंच, काच चटका बसेल एवढी गरम, वरच्या काठावर काळा पट्टा. म्हणून निकाल शेवटच्या तृतीयांशात लावायचा. तिथे ज्योत शांत, साधारण २ ते ३.५ सेंमी उंच, तळं ६ ते १२ मिलीमीटर खोल आणि काच बाहेरून ६० अंशांच्या खाली असेल, तर वात बरोबर. तीनपैकी दोन नंबर उत्तीर्ण झाले तर लहान नंबर घ्या.

कडेला बोटभर मेण मात्र तिसऱ्या खेपेलाही तसंच राहिलं, तर वात निश्चित कमी पडते आहे. तुमच्या पत्रावरून तरी तसंच दिसतं.

प्रश्न: काचेचं तापमान मोजायला घरात कोविडच्या वेळची ताप बघायची गन आहे, ती चालेल का? (डोंबिवली)

उत्तर: नाही. ती माणसाच्या तापासाठी बनवलेली असते आणि ४३ अंशांच्या आसपास ‘हाय’ दाखवून थांबते. स्वयंपाकघरात किंवा कारखान्यात वापरतात ती, निदान १०० अंशांच्या पुढे मोजणारी इन्फ्रारेड गन घ्या. काचेवर ती बरोबर वाचते. चकचकीत पत्र्याच्या डबीवर मात्र खूप कमी आकडा दाखवते, कारण चमकदार धातू स्वतःची उष्णता नीट बाहेर टाकत नाही. डबीवर बाहेरून काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्या टेपवर नेम धरा.

प्रश्न: आमच्याकडे मिळणाऱ्या वातींवर सीडी, इको असं काहीच लिहिलेलं नसतं. बाजारात ‘जाड’, ‘बारीक’ किंवा ‘इतके प्लाय’ (म्हणजे इतके पदर) एवढंच सांगतात. मग निवडायची कशी? (कोल्हापूर)

उत्तर: नाव नसलेल्या वातीलाही स्वभाव असतो आणि तो मोजता येतो. एकच ग्लास, एकच मेण, सुगंध आणि रंग नाही, अशा मेणबत्त्या करा आणि हातातल्या प्रत्येक वातीने एकेक जाळा. तासाला किती ग्रॅम मेण गेलं ते लिहा. एक ग्रॅमपर्यंत अचूक असा स्वयंपाकघरातला काटा पुरतो, कारण आपण चार तासांचा फरक मोजतो. एका वातीने ३ ग्रॅम आणि दुसरीने ५ ग्रॅम नेलं, तर दोघींची ताकद तुमच्यापुढे आहे. आता त्यांना तुमचे स्वतःचे नंबर द्या आणि सुगंधासकट चाचणी त्याच क्रमाने करा.

आणताना वातीची वीण बघा. चपटी, एकसारखी वीण हवी, नुसता पिळलेला दोरा नको. मेण लावलेली वात सरळ उभी राहिली पाहिजे. मेण न लावलेलं रीळ स्वस्त पडतं, पण ते घरी मेणात भिजवावं लागतं: त्याच सोयाचं मेण ७० ते ७५ अंशांवर वितळवा, वात बुडवा, बुडबुडे येणं थांबेपर्यंत ठेवा, कारण ते बुडबुडे म्हणजे विणीतली हवा. बाहेर काढून ताणून सरळ करा आणि बटर पेपरवर गार होऊ द्या. हवा राहिलेली वात पेटते, चरचरते आणि दोन मिनिटांत विझते.

चांगली निघालेली वात एकदम मोठ्या रिळात घ्या आणि त्यावर तारीख लिहा. नवं रीळ आलं की जुन्याशी ग्रॅम जुळवून पाहिल्याशिवाय ऑर्डरसाठी वापरू नका. बिननावाच्या मालात दोन खेपांची वीण सारखी असेलच असं नाही.

प्रश्न: घरात देवासाठी वळलेल्या वाती भरपूर असतात. समईची लांब वात किंवा फुलवात सोया मेणात वापरली तर काय बिघडतं? (सांगली)

उत्तर: समईत वात तेलात आडवी पडलेली असते, टोक काठावर असतं आणि तेल आधीपासून पातळ असतं. टोक करपलं की आपण हाताने वात पुढे सारतो. मेणबत्तीच्या वातीला हे सगळं स्वतःच करावं लागतं. तिने उभं राहायचं, आपल्याच ज्योतीने मेण वितळवायचं, आणि मेण जेवढं खाली जाईल तेवढंच स्वतः जळून कमी व्हायचं.

वळलेली सुती वात हे करू शकत नाही. मेण वितळताच ती मऊ पडून वाकते. मग एकतर बुडून विझते, किंवा तिचा लांब भाग एकदम पेटून ज्योत धुरकट आणि मोठी होते. विणलेली वात मात्र जळताना एका बाजूला हलकी वाकते. तिचं टोक ज्योतीच्या बाहेरच्या, सगळ्यात तप्त कडेत येतं आणि तिथे त्याची राख होते. ही युक्ती १८२५ साली फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी आणली. त्याआधी मेणबत्ती जळत असताना कात्रीने सारखी वात खुडत बसावं लागे. तुमच्या ग्लासातली चपट्या विणीची वात त्याच कल्पनेवर चालते.

फुलवातीला एक जागा आहे. उथळ पणतीत, सुपारीएवढ्या मेणाच्या गोळीत ती चालते. गोळी काही मिनिटांत सगळी वितळते आणि मग तो तेलाच्या दिव्यासारखाच जळतो. तुपाच्या तयार फुलवाती याच तत्त्वावर असतात. काचेच्या उंच ग्लासात फुलवात कधीही घालू नका. तळाशी पोचल्यावर ती तरंगत काचेच्या भिंतीला टेकते आणि त्याच जागी काच तडकते.

प्रश्न: वातीच्या टोकाला काळा गड्डा धरतो, कधी तो मेणात पडतो. व्हॅनिलाचा सुगंध १० टक्के घालते. (नाशिक)

उत्तर: वात जेवढं इंधन वर ओढते तेवढं जळत नाही, उरलेला कार्बन टोकाला साठतो. तुमच्या बाबतीत संशय आधी सुगंधावर. व्हॅनिलासारखी जड सुगंधी तेलं दाट असतात, विणीत अडकतात आणि गड्डा धरतात. प्रमाण १० वरून ७ टक्क्यांवर आणा आणि बाकी काही न बदलता जाळून बघा. गड्डा तरीही आला आणि काच ६० अंशांच्या वर जात असली, तर वात एक नंबर कमी करा. दोन्ही एकाच वेळी बदललं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

थोडासा गड्डा सीडी आणि इको दोन्हींत येतो, त्याची चिंता नको. दर पेटवणीआधी चिमटीने खुडून बाहेर टाका. मेणात पडलेला काळा तुकडा काढलाच पाहिजे, कारण तो दुसऱ्या वातीसारखा पेट घेतो.

प्रश्न: मेणबत्तीवर वाळलेल्या गुलाबपाकळ्या, दालचिनी लावून, हळदीने रंग दिला तर छान दिसतं. पण ज्योत मरते. वात मोठी घेऊ का? (ठाणे)

उत्तर: वात मोठी घेऊ नका, हळद काढा. हळद, कुंकू, मायका, मुलांचे क्रेयॉन हे मेणात विरघळत नाहीत. बारीक कण वातीच्या धाग्यांत बसतात आणि मेण वर चढायचं थांबतं. मेणबत्तीसाठी बनवलेला, मेणात विरघळणारा रंगच घ्या, तोही अगदी थोडा.

पाकळ्या आणि दालचिनी तर मेणात पूर्ण बंदच करा. तळं पसरलं की त्या तरंगत ज्योतीकडे येतात आणि पेटतात. फोटोसाठी ठेवायच्या असतील तर ग्लासच्या बाहेर, सुतळीने बांधून ठेवा.

प्रश्न: जानेवारीत चाचणी करून ठरवलेली वात मे महिन्यात फार मोठी वाटते. ज्योत उंच, ग्लास खूप गरम. मेण बदललं का? (नागपूर)

उत्तर: मेण तेच आहे, खोली बदलली आहे. जानेवारीत खोलीत २० अंश असतील तर मेणाला वितळण्यापर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्यापेक्षा मेमध्ये ४० अंशांच्या खोलीत फार कमी लागते. ४६ अंशांना वितळणारं मेण तेव्हा वितळण्याच्या काठावरच असतं. मग तीच वात जास्त रुंद, जास्त खोल तळं करते आणि काच जास्त तापते. विदर्भ-मराठवाड्यात विकणाऱ्यांनी वात उन्हाळ्यात ठरवावी, थंडीत तिच्या कडेला थोडं मेण राहिलं तरी चालेल. उलट केलं तर उन्हाळ्यात ग्लास धोक्याच्या तापमानाला जातो.

उन्हाळ्यासाठी ५० अंशांच्या वर वितळणारं सोया मेण मिळालं तर जरूर घ्या. फक्त मेण बदललं की वातीची चाचणी पहिल्यापासून. साठवणीत आणखी एक गोष्ट घडते: मऊ पडलेल्या मेणात वात कलते. गाडीतून मेणबत्त्या नेल्या असतील तर पेटवण्याआधी वात मधोमध आहे का ते पाहा. पृष्ठभागावर तेलाचे थेंब दिसले तर तो सुटलेला सुगंध आहे. टिश्यूने टिपून घ्या आणि मगच पेटवा, नाहीतर सुरुवातीलाच ज्योत भडकते.

पंख्याबद्दल इथेच सांगून ठेवतो. छताचा पंखा चालू असला की ज्योत एका बाजूला झुकते, तळं त्या बाजूला सरकतं, दुसऱ्या बाजूला मेण राहतं आणि काजळी धरते. याला वात जबाबदार नसते. घेणाऱ्याला मेणबत्तीसोबतच्या चिठ्ठीत पंख्याखाली लावू नका असं मोठ्या अक्षरांत लिहून द्या.

प्रश्न: नारळाच्या करवंटीत आणि मातीच्या पणतीत सोया मेणबत्त्या करतो. पर्यटक आवडीने घेतात. त्यांना कोणती वात लावावी? (सिंधुदुर्ग)

उत्तर: दोन्ही भांडी सुंदर आहेत आणि दोन्हींत वातीपेक्षा भांड्याची काळजी मोठी आहे.

करवंटी वर रुंद आणि खाली निमुळती असते. वरच्या ९ सेंमी व्यासाला साजेशी वात लावली तर अर्ध्यावर आल्यावर, जिथे व्यास ६ सेंमी उरतो, तीच वात फार तापते. आणि करवंटी हे स्वतः जळण आहे. म्हणून वात मधल्या उंचीवरचा व्यास धरून निवडा, आणि वर कडेला मेण राहिलं तर राहू द्या. तीन डोळ्यांपैकी मऊ डोळा आतून नीट बंद केल्याशिवाय मेण ओतू नका, तिथून ते झिरपतं. आतले सगळे केस आणि खोबऱ्याचे तुकडे घासून काढा. तळाला वातीची पत्र्याची चकती सपाट बसत नाही, म्हणून आधी तळाशी थोडं मेण ओतून, गोठवून सपाट जागा करा आणि चकती तिच्यावर बसवा. त्यामुळे ज्योत तळाच्या बरीच वर थांबते. चकतीच्या मधल्या नळीची उंची निदान ६ मिलीमीटर असू द्या. ‘दीड सेंमी मेण उरलं की विझवा’ ही सूचना करवंटीवर चिकटवलीच पाहिजे.

मातीची पणती न चकाकवलेली असेल तर माती वितळलेलं मेण शोषते. मेण बाहेरच्या बाजूला येतं, खालचा कागद किंवा कापड डागाळतं, आणि अगदी वाईट वेळी काठच पेट घेतो. ग्लेझ केलेल्या पणत्या घ्या. तेवढ्या लहान भांड्याला सीडी ५ च्या खालची, म्हणजे टीलाइटला लावतात तेवढी वात पुरते.

प्रश्न: ११ सेंमी व्यासाच्या वाडग्यात एक जाड वात लावू की दोन? (बेळगाव)

उत्तर: दोन. एकच जाड वात कडेपर्यंत पोचायला फार मोठी ज्योत करते, धूर देते आणि मधला भाग भसाभस जळतो. दोन वाती साधारण ४.५ सेंमी अंतरावर लावा, म्हणजे प्रत्येकीपासून जवळची भिंत सव्वातीन सेंमी राहते. भिंतीपासून अडीच सेंमीच्या आत वात कधीच आणू नका. प्रत्येक वात साधारण ५.५ ते ६ सेंमीच्या ग्लाससाठी असते तेवढीच, म्हणजे सीडी ६ ते ८ पासून सुरुवात. दोन ज्योती एकमेकींना तापवतात, म्हणून पहिली चाचणी लहान नंबरानेच करा. दोन्ही नेहमी एकाच वेळी पेटवायच्या.

प्रश्न: धातूची तार असलेली वात सोयाला चालते का? शिसं असतं असं ऐकलं. (न्यू जर्सी)

उत्तर: अमेरिकेत शिशाच्या तारेच्या वातींवर २००३ पासून बंदी आहे, आता तार असलीच तर सहसा जस्ताची. शंका असेल तर तार उघडी करून पांढऱ्या कागदावर घासा: पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली तर शिसं असू शकतं, ती वात वापरू नका. जस्ताची वात घातक नाही, पण ती मुख्यतः पॅराफिन आणि जेलसाठी केलेली असते. सोयात ती थंड जळते आणि गड्डा जास्त धरते. तुमच्याकडे सीडी, इको, एचटीपी सगळं सुट्या नगांत मिळतं, तेव्हा जस्ताच्या वाटेला जायचं कारण नाही.

प्रश्न: लाकडी वात पावसाळ्यात पेटतच नाही. (रत्नागिरी)

उत्तर: लाकडाने दमट हवेतलं पाणी ओढून घेतलं आहे. वाती हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा आणि ओतण्याच्या दिवशीच काढा. लाकडी वात सुती वातीपेक्षा आखूड कापायची, मेणावर ३ मिलीमीटर. लांब ठेवली तर मेण टोकापर्यंत चढत नाही आणि ती विझते. लोक नेमकं उलट करतात, पेटत नाही म्हणून आणखी लांब ठेवतात. पेटवताना ग्लास थोडा तिरका धरून ज्योत वातीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. रुंदी वाढवली की ताकद वाढते: ६ ते ७ सेंमीच्या ग्लासला १२ मिलीमीटरच्या आसपासच्या पट्टीपासून सुरुवात करा. टोकाची करपलेली राख दर वेळी बोटाने मोडून काढा.

प्रश्न: दिवाळीच्या ऑर्डरीसाठी ४० ग्लास ओतून झाले आणि आता कळलं की वात बारीक आहे. सगळं मेण वाया जाणार का? (औंध)

उत्तर: मेण वाया जात नाही, श्रम मात्र पुन्हा करावे लागतात. वात नुसती ओढून काढून त्याच भोकात जाड वात घालायच्या भानगडीत पडू नका. जुनी चकती तळाला चिकटलेली राहते आणि नवी वात मधोमध उभी राहत नाही.

ग्लास रुंद पातेल्यात, तळाशी जाड फडकं घालून ठेवा आणि बाहेर दोन तृतीयांश उंचीपर्यंत कोमट पाणी भरा. पाणी हळूहळू ७० ते ७५ अंशांपर्यंत न्या. गार ग्लास थेट गरम पाण्यात ठेवला तर तडकतो. आत पाण्याचा एक थेंबही जाता कामा नये, नाहीतर नवी वात चरचरत विझेल. मेण वितळलं की ते कोरड्या जगमध्ये काढा, चिमट्याने वात आणि चकती उचला, ग्लास गरम असतानाच टिश्यूने तळ पूर्ण कोरडा पुसा. तळाला तेलकटपणा राहिला तर चकती चिकटवायचं नवं स्टिकर धरत नाही आणि जळताना वात तरंगून भिंतीला लागते. नवी वात लावा, वरचं टोक कपड्यांच्या चिमट्यात अडकवून तो चिमटा ग्लासच्या काठावर आडवा ठेवा म्हणजे वात सरळ राहते, आणि मेण ५५ ते ६० अंशांना पुन्हा ओता. सुगंध थोडा उडालेला असतो, पण नवा घालू नका. वरून घातला की प्रमाण कळत नाही आणि वातीचा हिशोब पुन्हा बिघडतो.

हे सगळं ४० ग्लासांवर करण्याआधी तीन ग्लासांवर करा, तीन वेगवेगळ्या नंबरांनी. ते आठवडाभर मुरवून तळापर्यंत जाळा आणि मग उरलेल्या ३७ ला हात लावा. दिवाळीला दोन आठवड्यांहून कमी वेळ असेल तर घेणाऱ्यांना उशीर होईल असं आधीच कळवा.

वात बारीक असण्याऐवजी जाड लागली असेल तरीही हाच उपाय. ती दोन मिलीमीटरपर्यंत आखूड कापून भागत नाही. पहिली पंधरा मिनिटं ज्योत लहान दिसते, मग वात मेण ओढू लागते आणि ज्योत परत पहिल्याएवढी होते.